नवं कॉम्पॅक्ट पिस्तूल ‘रुळवायचं’ म्हणजे काय? आणि त्यात बदल केले की काय होतं?

अमेरिकेत काहर कंपनीचं छोटं पिस्तूल विकत घेतलं की सोबतच्या माहितीपुस्तिकेत एक सूचना मिळते. पहिल्या २०० गोळ्या झाडून झाल्याशिवाय हे पिस्तूल स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगण्याइतकं भरवशाचं मानू नका, असा तिचा आशय असतो. किंबर कंपनी आपल्या पिस्तुलांसाठी ४०० ते ५०० गोळ्यांचा आकडा सांगते. ग्लॉक असा कुठलाच आकडा देत नाही. नव्या पिस्तुलाच्या स्लाइडला कारखान्यातून लागून आलेलं तांबूस वंगण पुसून टाकू नका, एवढंच ती बजावते.

शेकडो डॉलर मोजून घेतलेली वस्तू पहिल्या दिवसापासून नीट का चालू नये, हा प्रश्न ग्राहकाला पडतो. पण बरेच ग्राहक तो विचारत बसत नाहीत. ते पहिल्याच महिन्यात नवा चाप, नवी स्प्रिंग, नवी नळी असे सुटे भाग मागवून मोकळे होतात. अमेरिकेत अशा सुट्या भागांचा बाजार प्रचंड मोठा आहे. पिस्तूल रुळवणं आणि त्यात आपल्या मनासारखे बदल करणं या दोन गोष्टी तिथे एका दमात बोलल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या विरोधात जातात. कशा, ते समजून घ्यायचं तर आधी पिस्तुलाच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल.

कॉम्पॅक्ट म्हणजे किती लहान?

ठरावीक व्याख्या नाही, पण मापाचा दगड म्हणून ग्लॉक १९ चं नाव घेतलं जातं. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ स्वीकारलं, त्याचाच हा धाकटा भाऊ १९८८ मध्ये आला. मोठ्याची नळी ११४ मिलिमीटर, धाकट्याची १०२. फरक जेमतेम बोटाच्या पेराएवढा नाही, पण कपड्यांखाली पिस्तूल लपवणाऱ्याला तो जाणवतो.

त्याहून लहान पिस्तुलांची लाट येण्यामागे एक कायदा होता. १९९४ च्या अमेरिकी संघीय कायद्याने नव्या मॅगझिनमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्या मावण्यावर बंदी घातली. ती २००४ मध्ये संपली. १० च गोळ्या मिळणार असतील तर मोठं पिस्तूल कशाला बाळगायचं, असा साधा हिशेब ग्राहकांनी केला आणि कंपन्यांनी तो ओळखला. २०१८ मध्ये सिग कंपनीचं पी-३६५ आलं. जेमतेम इंचभर रुंद आणि रिकामं असताना सुमारे ५०० ग्रॅमचं हे पिस्तूल १० गोळ्या घेत होतं. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि रोज कमरेला पिस्तूल लावणं आणखी राज्यांत शक्य झालं.

पिस्तूल लहान होतं, गोळी मात्र होत नाही. त्या पिस्तुलात तेच ९ मिलिमीटरचं काडतूस असतं. सुमारे साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने पुढे जाते आणि तितकाच धक्का मागे येतो. हा धक्का पेलायला मोठ्या पिस्तुलात जास्त वजन असतं, लहानात कमी. म्हणून दिसायला नाजूक पिस्तूल हाताला जास्त झटका देतं. ‘बायकांसाठी लहान पिस्तूल बरं’ असं सांगणारे दुकानदार तिथे अजूनही भेटतात. सल्ला म्हणून तो बहुतेक वेळा उलटाच असतो.

आत नेमकं काय घडतं?

चाप ओढला की काडतुसाच्या बुडाला टोचा बसतो आणि दारू पेटते. गोळी पुढे जाते, तर नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत मागे सरकतात. काही मिलिमीटरनंतर नळीचं मागचं टोक खाली झुकतं, पकड सुटते आणि स्लाइड एकटीच मागे जाते. जाताना ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते. मग दाबली गेलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस खरवडून नळीत सारते. डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी वेळात हा सगळा खेळ संपतो. ही नळी झुकण्याची युक्ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाची. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी आजची बहुतेक पिस्तुलं त्याच कल्पनेवर चालतात.

ब्राउनिंगच्या ज्या रचनेतून १९११ हे पिस्तूल आलं, त्याची अमेरिकी सैन्याने परीक्षा घेतली तेव्हा एकाच पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं, पुन्हा झाडायचं. ते एकदाही अडलं नाही. पण ते पाच इंची नळीचं, दणकट वजनाचं पिस्तूल होतं. तीच रचना पुढे साडेतीन इंचाच्या नळीत बसवली गेली, तेव्हा हिशेब बदलला.

लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी असते, म्हणून जास्त वेगाने मागे येते. तिला मागे सरकायला जागाही कमी मिळते. तिला आवरायला ताठ स्प्रिंग घालावी लागते. पाच इंची १९११ ला साधारण १६ पौंडांची स्प्रिंग पुरते, तर साडेतीन इंचीला २२ ते २४ पौंडांची लागते. ताठ स्प्रिंग स्लाइडला तितक्याच वेगाने परत पुढे आणते. तेवढ्या अपुऱ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर उचलून तयार ठेवायचं असतं. मोठ्या पिस्तुलात या सगळ्यात थोडा ऐसपैसपणा असतो. लहानात नाही. थोडं घर्षण जास्त झालं, काडतूस थोडं कमजोर निघालं किंवा हाताची पकड ढिली पडली, की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडण्याऐवजी फटीत उभी अडकते. ती दिसते चुलीच्या धुराड्यासारखी, म्हणून अमेरिकी नेमबाज तिला ‘स्टोव्हपाइप’ म्हणतात.

मग रुळतं ते काय?

नव्या जात्यावरचं पहिलं दळण खात नाहीत, कारण त्यात दगडाची कच येते. पिस्तुलाचंही काहीसं तसंच आहे. स्लाइड ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांवर यंत्राच्या पात्याच्या बारीक खुणा असतात. काही भागांवर खरखरीत लेप असतो, कुठे धातूचा बारीक कंगोरा राहिलेला असतो. शे-दोनशे वेळा सरकल्यावर हे उंचवटे झिजतात आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना बसतात. नव्या स्प्रिंगही पहिल्या काही दिवसांत किंचित बसतात आणि मग त्याच ताणावर दीर्घकाळ टिकतात. मॅगझिनचं तर विशेष आहे. नवं मॅगझिन पूर्ण भरताना शेवटचं काडतूस अंगठ्याने दाबून घालणं अनेकांना जमत नाही. काही आठवड्यांनी जमायला लागतं.

जुन्या पद्धतीच्या, घट्ट बसवलेल्या पोलादी पिस्तुलांत हे रुळणं खरोखर मोलाचं. किंबरचा आकडा मोठा आहे तो त्यामुळे. संगणकाच्या मदतीने कातलेल्या आणि मुद्दाम थोड्या सैल ठेवलेल्या पॉलिमरच्या पिस्तुलांत झिजण्यासारखं फारसं काही उरत नाही, म्हणून ग्लॉक गप्प राहू शकते. त्यामुळे ‘प्रत्येक पिस्तुलाला ५०० गोळ्या घालाव्याच लागतात’ हे जितकं चूक, तितकंच ‘आजकाल काही लागत नाही’ हेही चूक.

कारण पहिल्या काही शे गोळ्यांचं दुसरं कामही असतं, आणि आजच्या पिस्तुलांपुरतं बोलायचं तर तेच मुख्य. ते म्हणजे परीक्षा. कारखान्यातून निघालेल्या हजारो नगांत एखाद्याचा पुंगळी ओढणारा आकडा नीट बसलेला नसतो, एखाद्या मॅगझिनचे ओठ वाकडे असतात. हे दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. पी-३६५ बाजारात आलं तेव्हा सुरुवातीच्या काही नगांत टोचा आणि चापाची स्प्रिंग तुटल्याच्या तक्रारी अमेरिकी नियतकालिकांत झळकल्या होत्या. अगदी नव्या मॉडेलचे पहिले ग्राहक कंपनीच्या वतीने, आणि स्वतःच्या खर्चाने, परीक्षा घेत असतात. वर्षभर थांबणाऱ्याला ती फुकट मिळते.

तिसरी गोष्ट रुळते ती माणूस. लहान पिस्तूल घट्ट कसं धरायचं, चाप कुठे सुटतो, अडलं तर कसं मोकळं करायचं, हे २०० गोळ्यांत हाताला कळू लागतं. ढिल्या मनगटामुळे अडणारं पिस्तूल दोन आठवड्यांनी ‘सुधारतं’, तेव्हा बहुतेकदा सुधारलेला असतो तो मालक.

२०० गोळ्या न अडता झाल्या, म्हणजे काय सिद्ध झालं?

इथे थोडं गणित कामाला येतं. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट ‘न’ वेळा करून एकदाही बिघाड झाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की बिघाडाचं खरं प्रमाण ‘३ भागिले न’ यापेक्षा जास्त नाही.

५० गोळ्यांची एक पेटी विनाअडथळा संपली, तर ३ भागिले ५०, म्हणजे बिघाड ६ टक्क्यांपर्यंत असू शकतो. २०० नंतर ही मर्यादा दीड टक्क्यावर येते, ५०० नंतर ०.६ टक्क्यावर. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण खरोखरच तेवढा बिघाड असेल, तर १० गोळ्यांचं एक मॅगझिन झाडताना कुठेतरी अडण्याची शक्यता १४ टक्के होते, म्हणजे साधारण सात मॅगझिनमागे एक. हे सर्वांत वाईट गृहीत धरून, प्रत्यक्षात पिस्तूल याहून पुष्कळ चांगलं असेल. पण ५० गोळ्या झाडून ‘एकदम मस्त चालतंय’ असं सांगणाऱ्याला प्रत्यक्षात फारसं काही कळलेलं नसतं, हे या आकड्यांतून दिसतं.

यातली खरी मेख पुढे आहे. हा भरवसा त्या विशिष्ट पिस्तुलाचा असतो, त्या मॅगझिनचा, त्या स्प्रिंगचा आणि त्या जातीच्या काडतुसाचा. त्यातलं काही बदललं की मोजणी पुन्हा शून्यापासून.

काडतुसाचीच गोष्ट घ्या. सराव होतो तो गोल टोकाच्या, तांब्याचं कवच असलेल्या स्वस्त गोळ्यांनी. स्वसंरक्षणासाठी मात्र टोकाला खळगा असलेल्या ‘हॉलो पॉइंट’ गोळ्या भरतात. त्या आत गेल्यावर फुलतात आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. त्यांचं टोक बसकं असल्यामुळे नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर त्या वेगळ्या तऱ्हेने चढतात. गोल टोकाच्या ३०० गोळ्या गिळणारं पिस्तूल पहिल्याच हॉलो पॉइंटला अडू शकतं. म्हणून जी गोळी रोज भरून ठेवायची, तिच्याही निदान एक-दोन पेट्या झाडून पाहायला अनुभवी प्रशिक्षक सांगतात. त्या कितीतरी महाग असल्याने बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

रुळवायचं कसं?

फार मोठा विधी नाही. दुकानातून आणलेलं पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उघडायचं, गंज लागू नये म्हणून फासलेलं कारखान्याचं तेल पुसायचं (ग्लॉकचं तांबूस वंगण तेवढं सोडून) आणि सांगितलेल्या जागी थेंब-थेंब तेल द्यायचं. जास्त तेल कमी तेलाइतकंच वाईट, त्याला काजळी चिकटून चिखल होतो.

मग नेमबाजीच्या रेंजवर एका खेपेस शंभरेक गोळ्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या घेतल्या तर उत्तम. मॅगझिनवर १, २, ३ असे आकडे टाकून ठेवायचे आणि एक वही सोबत ठेवायची. अडलं तर कितवी गोळी, कोणतं मॅगझिन, कोणत्या कंपनीचं काडतूस आणि अडण्याचा प्रकार लिहायचा. चार वेळा अडलं आणि चारही वेळा २ नंबरचं मॅगझिन असेल, तर पिस्तुलाचा काही दोष नाही. वहीशिवाय हे लक्षात येत नाही, आणि मग माणूस निष्कारण स्प्रिंग बदलत बसतो. काही गोळ्या एका हाताने आणि काही डाव्या हाताने झाडून पाहायच्या, कारण वेळ येईल तेव्हा दोन्ही हात मोकळे असतीलच असं नाही.

पहिल्या शंभरात एखाद-दुसऱ्यांदा अडलं, तर दुर्लक्ष करता येतं. दोनशेनंतरही अडत राहिलं, तर पिस्तूल कंपनीकडे परत पाठवायचं. कानस किंवा पॉलिश पेपर हाती घ्यायचा नाही. काडतूस चढतो तो उतार घरी घासून ‘गुळगुळीत’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उताराचा कोन किंचित जरी बदलला, तरी काडतुसाच्या बुडाला मिळणारा आधार कमी होतो आणि पुंगळी फुटू शकते. वर कंपनीची हमीही जाते.

‘पाच गोळ्या झाडा, नळी साफ करा, पुन्हा पाच झाडा’ हा मंत्र लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यांकडून पिस्तुलाकडे आला आहे. रायफलमध्येही त्याच्या उपयोगाबद्दल वाद आहेत, पिस्तुलात तर तो वेळेचा अपव्यय आहे. तसंच मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, ही समजूत. स्प्रिंग मुख्यतः दबण्या-सुटण्याने थकते, नुसती दाबून ठेवल्याने फारशी नाही.

एक धोका मात्र फारसा कुणी सांगत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी पुन्हा तेच काडतूस नळीत चढवणारे लोक असतात. दर वेळी त्या गोळीच्या टोकावर आघात होतो आणि ती पुंगळीत हळूहळू आत खचते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी अमेरिकेत ठरवलेली दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे, आणि खचलेली गोळी ती ओलांडू शकते. उपाय सोपा आहे. वरचं काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची पाहायची. बुटकं दिसलं तर बाजूला काढायचं.

बदल करायचे तर कुठून?

अमेरिकेत सुट्या भागांचा बाजार एवढा फोफावला याला कायद्यातली एक तरतूद कारण आहे. तिथे कायद्याच्या नजरेत पिस्तूल म्हणजे नोंदणी क्रमांक असलेला एकच भाग, बहुतेकदा मुठीचा सांगाडा. स्लाइड, नळी, चाप, स्प्रिंग हे सगळे नुसते ‘भाग’, संघीय कायद्यापुरते टपालानेही मागवता येतात. सिगच्या पी-३६५ मध्ये तर नोंदणी क्रमांक आतल्या छोट्या धातूच्या चौकटीवर आहे. बाहेरची मूठ अक्षरशः मोबाइलच्या कव्हरसारखी बदलता येते.

कायद्याने घडवलेल्या बदलाचं गमतीदार उदाहरण ग्लॉक १९ चं आहे. १९६८ च्या कायद्यानुसार अमेरिकेत पिस्तूल आयात करायचं तर ते ‘खेळासाठी योग्य’ असावं लागतं आणि त्यासाठी लांबी, वजन, चापाची ठेवण अशा गोष्टींना गुण मिळतात. मोठं ग्लॉक १७ आकारावरच पास होई. धाकट्याला गुण कमी पडत, म्हणून त्याला नेमबाजी स्पर्धेच्या पिस्तुलासारखा उभ्या रेघांचा चाप लावून पाठवलं गेलं. शंभर गोळ्यांनंतर त्या रेघा बोटाला टोचतात. परिणामी कित्येक मालकांचा पहिला बदल म्हणजे मोठ्या भावाचा गुळगुळीत चाप आणून धाकट्याला लावणं. कंपनीचा अस्सल भाग, काही डॉलरचा खर्च आणि भरवशावर कसलाही परिणाम नाही.

बदलांची वर्गवारी करायची तर हीच कसोटी लावावी. गोळी झाडण्याच्या चक्रात न येणारा भाग बदलला, तर धोका कमी. माशी, म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेम धरायची खूण, अंधारात चमकणारी लावली तर पिस्तुलाला काही फरक पडत नाही. तिच्यातला ट्रिटियम वायू दर १२ वर्षांनी निम्मा होतो, म्हणून केव्हातरी ती मंदावते, एवढंच. मुठीवर खरखरीत पट्टी चिकटवणं किंवा आपल्या पंजाच्या मापाची मूठ बसवणं हा तर सर्वांत फायद्याचा बदल, कारण लहान पिस्तुलाची निम्मी दुखणी पकडीतून येतात. स्पर्धेतले नेमबाज यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतात. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी कोल्हापूरची राही सरनोबत ज्या प्रकारात खेळते, त्यातली लाकडी मूठ तासून आणि लुकण भरून खेळाडूच्या तळव्याला बसवली जाते.

चक्रात येणाऱ्या भागांची गोष्ट निराळी. स्लाइडवर लाल ठिपका दाखवणारी दुर्बिणीसारखी काच बसवण्याची सध्या चलती आहे. तिचे ३०–४० ग्रॅम स्लाइडवर पडतात आणि तिचा वेग बदलतो. शिवाय ती बारीक स्क्रूंवर उभी असते. ते धक्क्यांनी ढिले झाले की नेम सरकतो, आणि सरकल्याचं लगेच कळत नाही. नळीच्या टोकाला वायू वर फेकणारा भाग लावला की झटका कमी होतो, पण त्यासोबत स्लाइडला मागे ढकलणारा जोरही. मग मऊ स्प्रिंग लागते. मऊ स्प्रिंग घातली की जोरकस काडतुसाला स्लाइड आपटते. एक भाग बदलायला जावं आणि तीन बदलावे लागावेत, असा हा प्रकार आहे.

चाप हलका करण्याचा मोह

सगळ्यात लोकप्रिय बदल हा, आणि सगळ्यात घातकही हाच. ग्लॉकचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलाला एक किलोची किमान मर्यादा आहे. हलक्या चापाने नेम सुधारतो, यात शंका नाही. दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी अपघात टाळण्यासाठी आपल्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम १२ पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, ठेवला होता. रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये या पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास केला, तेव्हा समोरून गोळीबार होत असताना त्यांच्या दर १०० गोळ्यांपैकी फक्त १८ लागल्याचं दिसलं. एवढा जड चाप त्याला एकटा जबाबदार नव्हता, पण हलक्या चापाची चाचणी घ्या, असं संस्थेने सुचवलं.

म्हणून चाप किती हलका, याचं उत्तर कामावर अवलंबून आहे. स्पर्धेत चापावर बोट ठेवण्याआधी नेम ठरलेला असतो आणि हृदय बऱ्यापैकी शांत असतं. रात्री दीड वाजता जिन्यात आवाज आला म्हणून पिस्तूल उचलणाऱ्याचे हात थरथरत असतात, आणि जिन्यातला माणूस घरातलाच असू शकतो.

यांत्रिक धोका याहून वेगळा. चाप हलका करण्यासाठी बरेच जण टोच्याची स्प्रिंग मऊ घालतात. ती मऊ झाली की काडतुसाच्या बुडाला टोचा हलका बसतो. एखाद्या कंपनीचं बूड कडक निघालं, तर गोळी सुटतच नाही, नुसता ‘टक’ आवाज येतो. चापाचं वजनही महत्त्वाचं आहे, ओढण्याचा जोर नव्हे, त्या तुकड्याचं वस्तुमान. २०१७ मध्ये सिगचं पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात जमिनीवर पडलं तर आपोआप सुटू शकतं, असं चाचण्यांत दिसलं. पडताना पिस्तूल थांबतं, पण जड चाप स्वतःच्या जडत्वाने मागे जात राहतो, हे त्यामागचं एक कारण होतं. कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये मालकांना पिस्तूल पाठवायला सांगितलं आणि इतर बदलांबरोबर हलक्या वजनाचा चाप बसवून दिला. ज्यांनी आपल्या पिस्तुलाला दिसायला छान म्हणून धातूचा जाड, सपाट चाप लावला आहे, त्यांनी ही घटना जरूर वाचावी.

पिस्तूल बदललं की होल्स्टरही बदलावं लागतं, हे तर हमखास विसरलं जातं. मऊ पडलेल्या चामड्याची घडी चापाच्या कड्यात शिरली आणि पिस्तूल खोवताना गोळी सुटून मांडीत गेली, असे अपघात तिथल्या प्रशिक्षकांच्या परिचयाचे आहेत.

आणि न्यायालय. स्वसंरक्षणात गोळी झाडली तरी ती समर्थनीय होती का, हे ज्युरी ठरवतात. १९८२ मध्ये मायामीत एका पोलिसाच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून तरुणाचा मृत्यू झाला. घोडा ताणल्यामुळे चाप फार हलका झाला आणि गोळी निष्काळजीपणाने सुटली, असा सरकारी पक्षाचा मुद्दा होता. तो पोलीस १९८४ मध्ये निर्दोष सुटला. अ‍ॅरिझोनात २०१६ मध्ये एका पोलिसाने नि:शस्त्र माणसाला मारलं, तेव्हा त्याच्या रायफलवर अर्वाच्य शब्द कोरलेले निघाले. न्यायाधीशांनी ते ज्युरींना दाखवू दिले नाहीत आणि तो पोलीसही सुटला, पण ते शब्द जगभरच्या बातम्यांत गेले. कवटी, धमकीचे शब्द, ‘आता गेलास’ छापाच्या ओळी असलेल्या स्लाइड आजही विकल्या जातात. कोरणाऱ्याला ती गंमत वाटते.

पिस्तूल एका चापात अनेक गोळ्या झाडू लागेल असा ‘स्विच’ लावणं हा बदलाचा प्रकार नाही, तो अमेरिकेतही गंभीर संघीय गुन्हा आहे.

घरातला धोका

रुळवण्याचा आणि सजवण्याचा सगळा भर हल्लेखोरावर असतो. अमेरिकेतल्या मृत्यूंचे आकडे वेगळीकडे बोट दाखवतात. २०२१ मध्ये तिथे बंदुकांमुळे ४८,८३० जण मेले, त्यातल्या २६,३२८ जणांनी आत्महत्या केली होती. म्हणून नव्या पिस्तुलावर खर्च करायचाच, तर कुलूपबंद पेटीचा क्रमांक लाल ठिपक्याच्या काचेच्या बराच आधी लागतो.

भारतात काय?

यातलं बरंचसं भारतात लागू होत नाही. ९ मिलिमीटर हा इथे प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे परवानाधारकाकडे बहुतेक वेळा .३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात. काडतुसांची संख्या परवान्यावर लिहिलेली असते आणि झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब मागितला जाऊ शकतो. अशा स्थितीत २०० गोळ्यांची परीक्षा ही चैन ठरते. परिणामी इथली कित्येक परवान्याची पिस्तुलं वर्षानुवर्षं कपाटात राहतात आणि ती चालतात की नाही, हे मालकालाही माहीत नसतं. निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत कपाटात येतात.

बदलांबाबत कायदा आणखी कडक आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्राचं उत्पादन करणं जसं गुन्हा आहे, तसंच त्याची दुरुस्ती किंवा रूपांतर करणंही या कलमाच्या कक्षेत येतं. म्हणजे स्प्रिंग बदलायची असली तरी ती परवानाधारक कारागिराकडूनच. मालकाच्या हातात उरतं ते एवढंच: परवान्यात बसतील तेवढ्या गोळ्या मान्यताप्राप्त रेंजवर झाडून पाहणं, मॅगझिनवर आकडे टाकणं, वहीत नोंद ठेवणं आणि जुनी काडतुसं ठरावीक काळाने बदलून घेणं.